वैशाखातले आमचे दीड एकर

पुरंदर तालुक्यात, सासवडपासून जवळच, आमचे दीड एकराचे भाजीचे रान आहे. कऱ्हेच्या खोऱ्यातला हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्यात पुरंदर किल्ल्याच्या माथ्यावर ढग अडकलेले दिसतात आणि खाली आमच्याकडे मात्र हलक्या सरींवर भागवावे लागते. हा तालुका अंजीर, सीताफळ आणि वाटाणा यांसाठी ओळखला जातो. उन्हाळी भाजीसाठी तो सहसा कोणी निवडणार नाही, कारण एप्रिल संपता संपता विहिरींचे पाणी तळाला जाते. तरीही आम्ही येथे बाराही महिने रासायनिक खते आणि कीटकनाशके न वापरता भाजी पिकवतो आणि ती पुण्यातील काही कुटुंबांना दर आठवड्याला पिशवीतून पोहोचवतो. हिवाळ्यात थंडी आणि कोवळे ऊन मिळून अर्धे काम करून टाकतात. वैशाखात तसे होत नाही, आणि त्याच महिन्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मे महिना लागला की पिशवीतले टोमॅटो, पालक आणि फ्लॉवर कुठे गेले, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही.

पंचांगात वैशाख वसंत ऋतूत मोडतो, पण रानाचा उन्हाळा याच महिन्यात शिगेला पोहोचलेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा जुलै संपत आलेला असतो आणि आभाळ झाकलेले असते; पहिल्यांदा येतो तो १३-१४ मेच्या सुमारास, निरभ्र आकाशात. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आसपास मांडवाच्या खांबांची सावली खांबांच्या बुडाशीच गोळा होते आणि ज्या भाजीला एरवी शेजारच्या उंच पिकाचा आडोसा मिळतो, तिला तोही उरत नाही. उंच पीक लावून सावली धरण्याची आमची सगळी युक्ती सकाळी दहापर्यंत आणि दुपारी तीननंतर कामाला येते. मधल्या वेळेसाठी वरूनच झाकण लागते.

आता पाण्याचा हिशेब पाहू, कारण उन्हाळी शेतीतले बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात. एका गुंठ्याचे क्षेत्र सुमारे १०१ चौरस मीटर असते. म्हणजे एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी द्यायचे तर साधारण १०० लिटर लागते. मे महिन्यातील कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी आमच्या पठारावर उघड्या पाण्याचे ८ ते १० मिलिमीटर सहज उडून जाते. ८ मिलिमीटर धरले तरी गुंठ्याला रोज ८०० लिटर आणि दीड एकराच्या साठ गुंठ्यांना ४८ हजार लिटर होतात. आमची विहीर उन्हाळ्यात याच्या निम्मेही पाणी देत नाही. म्हणून मार्चमध्येच ठरवावे लागते की कोणते तुकडे चालू ठेवायचे आणि कोणते विश्रांतीला सोडायचे. आम्ही साधारण वीस गुंठ्यांवर भाजी ठेवतो आणि उरलेले रान पावसाची वाट पाहते. दीड एकर असून मे महिन्यात वीसच गुंठे का, असे पाहुणे विचारतात. त्यांना विहिरीच्या काठाशी नेऊन आत डोकावायला सांगितले की वेगळे काही सांगावे लागत नाही.

या वीस गुंठ्यांत आमचे पहिले काम असते माती झाकून ठेवणे. भाजीचा विचार त्यानंतर येतो. मे महिन्यात दुपारी उघड्या मातीचा वरचा थर तव्यासारखा तापतो. पृष्ठभागाचे तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाते. त्या थरात ना जिवाणू नीट काम करतात, ना कोवळी मुळे टिकतात, आणि गांडुळे तर केव्हाच खोल गेलेली असतात. सेंद्रिय शेतीत पिकाला अन्न मातीतल्या जिवांच्या मार्फत मिळते, त्यामुळे हा थर मेला तर वरून कितीही शेणखत घातले तरी ते पिकाला पोहोचत नाही. माझ्या मते उन्हाळ्यात भाजी बसते ती खत कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा मुळांशी असलेली उष्णता तिला बसवते, आणि शेतकरी मात्र खताची मात्रा वाढवत राहतो.

आच्छादनासाठी आमच्याकडे उसाचे पाचट मिळते, गव्हाचे काड मिळते आणि बांधावरच्या गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या झाडाची) छाटणीही असते. पाचट सर्वांत टिकाऊ असते, पण ते लांब आणि ताठ असल्यामुळे वाफ्यात नीट बसत नाही; ते कोयत्याने वीतभर तुकड्यांत तोडून घ्यावे लागते. त्याच्यावर गिरिपुष्पाचा ओला पाला टाकला की दोन्ही एकमेकांना धरून राहतात आणि पाल्यातल्या नत्रामुळे पाचट कुजायलाही मदत होते. तीन ते चार इंचांचा थर पुरेसा होतो. खोडाजवळ मात्र चार बोटे जागा मोकळी ठेवावी लागते, कारण कोरड्या आच्छादनाखाली वाळवी येते आणि पाचट खाता खाता ती खोडाकडे वळते. आच्छादन ओलसर राहिले आणि वाफ्यात निंबोळी पेंड मिसळलेली असली की तिचा त्रास कमी होतो. तोडणीला येणाऱ्या मावशींना सुरुवातीला हा सगळा पसारा आवडत नव्हता. रान कसे झाडून घेतल्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे, अशी त्यांची जुनी शिस्त. एकदा भर दुपारी त्यांनीच वांग्याच्या बुडातले पाचट बाजूला केले, माती मुठीत घेतली आणि मला हाक मारली, “ताई, हात घालून बघा, खाली अजून गारवा हाय.” त्या मातीचा लाडू वळत होता. शेजारच्या उघड्या पट्ट्यातली माती त्याच वेळी बोटांतून धुळीसारखी गळत होती.

ठिबक आम्ही पहाटे चालवतो. उन्हे वर आल्यावर दिलेल्या पाण्याचा मोठा भाग वाऱ्यावर जातो, शिवाय दुपारी काळ्या नळ्यांतले पाणी इतके तापलेले असते की ते मुळांशी न जाणेच बरे. पाण्याची पातळी खाली गेली की त्यातले क्षार वाढतात आणि ड्रिपर बुजू लागतात. म्हणून नळ्यांची शेवटची टोके अधूनमधून उघडून त्या धुऊन काढणे हे मे महिन्यातले नेमाचे काम आहे. दुसरा त्रास खारींचा. त्यांना तहान लागलेली असते आणि नळीत पाणी आहे हे त्यांना कळते, त्यामुळे त्या नळ्या कुरतडतात. बांधावर ठिकठिकाणी मातीची परळे भरून ठेवायला लागल्यापासून कुरतडणे बरेच कमी झाले आहे. त्याच परळांवर बुलबुल येतात आणि मधमाश्याही येतात, ज्यांची आम्हाला फार गरज असते. मोर मात्र पाण्याने समाधानी होत नाहीत. काकडीचे कोवळे शेंडे हा त्यांचा आवडीचा घास आहे, आणि रोपे दोन-तीन पानांवर असेपर्यंत ती जुन्या जाळीखाली झाकण्याखेरीज मला दुसरा मार्ग सापडलेला नाही.

या दिवसांत काय पिकवायचे, हे पिकाच्या स्वभावावर सोडावे. पालक आणि मेथी ही थंडीची लेकरे आहेत. एप्रिलनंतर पालकाची पाने जाड होतात, दांडा वर येतो आणि तो फुलोऱ्यावर जातो. त्यांना सावलीत बळेच वाढवण्यापेक्षा माठ, तांदुळजा आणि राजगिरा पेरणे शहाणपणाचे आहे. या तिन्हींची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत मका आणि ज्वारीसारखी असते. शास्त्रज्ञ तिला सी-फोर म्हणतात. पानांवरची रंध्रे थोडी मिटलेली असतानाही ही झाडे हवेतला कार्बन डायऑक्साइड कार्यक्षमतेने वापरू शकतात, त्यामुळे भर उन्हात कमी पाण्यावर त्यांची वाढ चालू राहते. लाल माठ पेरल्यापासून महिन्याभरात कापणीला येतो. अंबाडीही उन्हाला बधत नाही. घोळाची भाजी तर आम्ही पेरतही नाही. ठिबकच्या ओलीवर ती वाफ्याच्या कडेने आपणहून पसरते, तिची गुबगुबीत पाने पाणी धरून ठेवतात, आणि खुरपणी करताना मावशी ती वेगळी काढून ठेवतात. पुण्यातल्या अनेकांनी ती पहिल्यांदा आमच्या पिशवीत पाहिली. मुगाच्या डाळीबरोबर परतलेली घोळाची आंबूस भाजी एकदा खाल्ली की पालकाची आठवण फारशी राहत नाही, असे मी मनापासून सांगते.

कोथिंबिरीवर मात्र आम्ही हट्ट धरतो, कारण तिच्यावाचून मराठी स्वयंपाकघराचे चालत नाही आणि मे महिन्यात बाजारात तिचे भाव चढतात. धने रगडून त्यांचे दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे आणि निम्मे ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली, सकाळच्या वेळी पेरायचे. उगवून येईपर्यंत वाफ्यावर ओले गोणपाट घालून ठेवतो. इतके करूनही जुड्या लहानच निघतात आणि ग्राहकांना ते आधीच सांगावे लागते.

भेंडी आणि गवार ही आमची वैशाखातली मुख्य पिके आहेत. गवारीचे मूळ खोल जाते, ती हवेतले नत्र मुळांवरच्या गाठींत साठवते आणि तिला फार पाणी लागत नाही. तिचा एकच दोष म्हणजे तोडणी फार किचकट. एकेक शेंग वेचावी लागते आणि टोपली भरता भरत नाही. भेंडीचे काम वेगळ्या प्रकारे कठीण आहे. तिचे पिवळे, मध्यावर गर्द जांभळे असलेले फूल एकच दिवस उमलते, आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते. एखादा दिवस हुकला की ती जून होते. म्हणून दिवसाआड, उजाडता उजाडता, जुन्या शर्टाच्या बाह्या हातांवर चढवून मावशी सरीत शिरतात, कारण झाडावरच्या बारीक लवेने हात दिवसभर चुणचुणतात. भेंडी ओढून काढली की देठाची साल सोलवटते आणि झाडाला जखम होते. अंगठ्याच्या नखाने देठ दाबून किंचित वर मोडली की ती स्वच्छ सुटते. टोक मोडून पाहण्याची ग्राहकांची सवय बाजारात विक्रेत्याला आवडत नाही, पण ती परीक्षा खरी आहे. शेतातही आम्ही शंका आली की तेच करतो.

भेंडीचा शत्रू म्हणजे हळद्या. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खे पान आणि शेवटी शेंगाही पिवळ्या होतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि कोरडा उन्हाळा तिला मानवतो. १९८० च्या दशकात परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातून या रोगाला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण आला आणि अनेक वर्षे त्याने भेंडी उत्पादकांना आधार दिला. आमच्याकडे औषध मारून विषाणू बरा करण्याचा प्रश्नच नाही, आणि खरे तर तसा तो कोणाच्याच शेतात बरा होत नाही. लक्षण दिसलेले झाड त्याच दिवशी उपटून जाळणे, कडेने मक्याच्या दोन ओळी लावून माशीची वाट अडवणे आणि पिवळे चिकट सापळे टांगणे, एवढ्यावर आमचे पीक निभावते. वांग्यावर याच काळात लाल कोळी येतो. पानाखाली बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके दिसले की समजावे. धुळीच्या रस्त्याकडेच्या ओळीत तो नेहमी आधी येतो, म्हणून त्या ओळीची पाने सकाळी खालच्या बाजूने पाण्याच्या फवाऱ्याने धुतो. पाणी टंचाईचे असूनही हा खर्च मला योग्य वाटतो.

मांडवावरच्या वेलांबद्दल मला अधिक लिहावेसे वाटते, कारण वैशाखात रानात थांबण्यासारखी जागा तीच असते. दोडका, घोसाळे, कारले आणि दुधी हे तारांच्या मांडवावर चढले की खाली दाट सावली पडते, आणि त्या सावलीत आम्ही आळू आणि आले ठेवतो. दोडका आणि घोसाळे ही सख्खी भावंडे आहेत, दोघांची फुले पिवळी, वेलही दुरून सारखेच दिसतात. पण घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात आणि दोडक्याची उन्हे कलल्यावर. दिवसभर मिटून राहिलेला दोडक्याचा मांडव सायंकाळी पाचनंतर बघता बघता पिवळा होतो. दुधीची पांढरी फुलेही संध्याकाळचीच. परागीकरणाचा वेळ असा वाटला गेल्यामुळे मांडवावर सकाळी मधमाश्या आणि भुंगे असतात, तर तिन्हीसांजेला पतंग येतात. यासाठीच आम्ही फवारणी कोणत्या वेळी करायची हे फुलांच्या वेळा पाहून ठरवतो, मग ती निंबोळी अर्काची का असेना.

उष्णता वाढली की या वेलांवर नरफुलांचे प्रमाण वाढते आणि मादीफुले कमी येतात. वेल फुलांनी भरलेला, तरी फळ दिसत नाही, अशी तक्रार गच्चीवर भाजी लावणारे वाचक नेहमी करतात. त्यांचा वेल आजारी नसतो. पावसाळी हवा सुरू झाली, रात्री थोड्या गार झाल्या की मादीफुले पुन्हा येऊ लागतात. जी थोडी फळे धरतात त्यांच्यामागे फळमाशी लागते. ती कोवळ्या कारल्याला आणि दोडक्याला भोक पाडून आत अंडी घालते आणि फळ त्या बाजूला वाकडे होते. क्यू-ल्यूर या गंधाच्या आमिषाचे सापळे नर माश्यांना ओढतात, त्यामुळे ते लवकर, फुले येण्याच्या सुमारास लावावे लागतात. फळे वाकडी दिसू लागल्यावर लावून उपयोग नसतो. वाकडी फळे बांधावर टाकून देणे हा सर्वांत मोठा निष्काळजीपणा, कारण अळ्या तिथेच मातीत शिरून कोष करतात आणि नवी पिढी तयार होते. आम्ही ती पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवतो आणि मग खोल पुरतो.

काकडी कडू निघाली, असा निरोप मे महिन्यात एखाद्या घरून येतोच. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्याचा असतो आणि वेलाला उन्हाचा व पाण्याचा ताण बसला की तो फळात उतरतो, विशेषतः देठाकडच्या भागात आणि सालीलगत. पाणी थोडे असले तरी चालते, पण ते रोज ठरलेल्या वेळी मिळाले पाहिजे. आज भरपूर आणि नंतर चार दिवस नाही, असे झाले की काकडी कडू होणारच. टोमॅटोचे गणित आणखी वेगळे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रही उबदार राहू लागली की त्याचे पराग निकामी होतात आणि फुले गळतात. जी फळे आधीची लागलेली असतात त्यांच्यावर उन्हाचे पांढरट चट्टे पडतात. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात आमचे टोमॅटो संपतात. बाजारातून आणून पिशवीत घालणे अवघड नाही, पण आमचे सेंद्रिय प्रमाणपत्र पीजीएस, म्हणजे सहभागी हमी, पद्धतीचे आहे; तीत आसपासचे शेतकरीच एकमेकांच्या शेताची पाहणी करून हमी देतात. शेजाऱ्याने माझ्या रानात येऊन पाहिलेले नाही असे काही त्या पिशवीत घालणे मला मान्य नाही. त्यापेक्षा आंबटपणासाठी अंबाडी, चिंच आणि कैरी आहे. आपल्या आज्या उन्हाळ्यात आमटीला तेच वापरत आल्या आहेत.

विश्रांतीला सोडलेल्या रानाविषयी आमच्या भागात दोन मते आहेत. जुने शेतकरी उन्हाळी नांगरटीवर ठाम असतात: ढेकळे तापू द्यावीत, कोष आणि अंडी उघडी पडावीत, बगळे आणि साळुंक्या त्यांचा समाचार घेतील. या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरे मत असे की रान उघडे टाकले की वर्षभर जमवलेला सेंद्रिय कर्ब उन्हात जळून जातो. मी बरीच वर्षे दोन्ही पाहून या निष्कर्षाला आले आहे की ज्या तुकड्यात मागच्या हंगामात सूत्रकृमीचा (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींचा) किंवा झाडे वाळवणाऱ्या मर रोगाचा जोर होता, तेवढाच तापवावा. बाकीचे रान आधीच्या पिकाच्या अवशेषांखाली झाकलेले राहू द्यावे. पावसाळी रोपांसाठी लागणारा गादीवाफा मात्र आम्ही दरवर्षी तापवतो. वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचे, कडा मातीने बुजवायच्या आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवायचे. काळे प्लॅस्टिक यासाठी चालत नाही, कारण ऊन आत शिरून मातीच तापली पाहिजे.

जीवामृताचे, म्हणजे मातीला द्यायच्या आंबवलेल्या द्रावणाचे, ड्रम या दिवसांत सावलीत हलवावे लागतात. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती हे प्रमाण अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी घरोघरी पोहोचवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. उन्हाळ्यात ते लवकर आंबते, म्हणून तयार झाल्यावर फार दिवस न ठेवता वापरून टाकावे. माझे मत एवढेच आहे की आच्छादन आणि ओल नसलेल्या तापल्या मातीत जीवामृत ओतणे व्यर्थ आहे, मग ते कितीही नेमाने ओतले तरी.

तोडलेली भाजी शहरापर्यंत ताजी पोहोचवणे हे निम्मे काम राहतेच. आमच्याकडे शीतगृह नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झालेल्या पद्धतीप्रमाणे आम्ही विटांच्या दोन भिंतींचा एक हौद बांधला आहे. भिंतींमधल्या पोकळीत वाळू भरलेली आहे आणि ती दिवसातून दोनदा भिजवायची असते. वरून वाळ्याच्या किंवा पेंढ्याच्या झापेचे झाकण. वीज लागत नाही, आणि हवा जितकी कोरडी तितका तो अधिक गार होतो, त्यामुळे वैशाखात त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. सायंकाळी तोडलेला दोडका आणि सकाळची भेंडी त्यात ठेवतो. पालेभाजी मात्र निघायच्या आधी, पहाटे अंधारातच कापतो. टेम्पो दिवे घाट उतरतो तेव्हा उजाडलेले असते, आणि नऊच्या आत शेवटची पिशवी पोहोचली पाहिजे, हा आमचा दंडक आहे. त्यानंतर माठाची जुडी मान टाकते.

वळवाच्या पावसाची प्रत्येकाला ओढ असते, आणि भीतीही असते. दुपारनंतर वारा सुटतो, मांडवाच्या तारा ताणल्या जातात, गारा पडल्या तर कोवळी पाने फाटतात. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचला. मुंबईसाठी नेहमीची तारीख ११ जून धरली जाते. त्याआधीही मे महिनाभर पाऊस पडतच होता. ज्या महिन्यात आम्ही थेंब थेंब मोजतो त्याच महिन्यात वाफ्यांतून पाणी बाहेर काढावे लागले, काकडी आणि दोडक्यावर केवडा हा पानांचा रोग आला आणि जाड आच्छादनाखाली खोडे सडू लागली म्हणून ते घाईने ओढून बांधावर टाकावे लागले. तेव्हापासून आम्ही उन्हाळी वाफेही थोडे उंच करतो आणि चर आधीच काढून ठेवतो.

सध्या रानात बियाण्याचे काम चालू आहे. चांगल्या वेलावरची दोन-तीन फळे शेवटपर्यंत राखून ठेवलेली असतात. दोडका वेलावरच वाळला की त्यातल्या काळ्या बिया हलवल्यावर खुळखुळतात. दुधीची साल कवटीसारखी कठीण होते. बिया सावलीत वाळवून राखेत घोळवून डब्यात भरायच्या. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून आमच्या भागातल्या बायकाही आपले वाल-घेवड्याचे बी दुसऱ्याला देताना त्याची हकीकत सांगू लागल्या आहेत. कुठल्या गावाहून आले, किती वर्षे जपले, कोणत्या महिन्यात पेरायचे, हे सारे बियांबरोबर येते, आणि मी ते डब्यावर लिहून ठेवते.

या आठवड्यात गादीवाफ्यावरचे प्लॅस्टिक काढून मिरची आणि वांग्याचे बी टाकायचे आहे. ती रोपे जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला लावणीला येतील. विश्रांतीच्या रानात पहिल्या दमदार पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग फेकायचा आणि तो फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास, म्हणजे दीड महिन्याने, मातीत गाडायचा. निंबोळ्या पिकून पडू लागल्या आहेत. त्या रोज सकाळी वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवायला हव्यात, कारण पाच टक्के अर्कासाठी १०० लिटर पाण्याला पाच किलो चूर्ण लागते आणि वर्षभराचा साठा याच दिवसांत होतो. हा अर्क सायंकाळी फवारायचा, कारण उन्हात त्यातले ॲझाडिरॅक्टिन हे कीडरोधक द्रव्य लवकर नष्ट होते. तोवर पिशवीत भेंडी, गवार, दोडका, कारले, लाल माठ, अंबाडी आणि मिळेल तेवढी कोथिंबीर असेल. घोळाची भाजी ज्यांना हवी असेल त्यांनी बुधवारपर्यंत कळवावे; ती खुरपणीबरोबर निघते, त्यामुळे तिची जुडी आधी सांगितल्याशिवाय बांधली जात नाही.